नसबंदी पटकन झाली, रिपोर्टने घाम काढला

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. भुलीचं इंजेक्शन टोचलं तेवढंच कळलं. बिनटाक्याच्या पद्धतीत बारीकसं छिद्र पाडून दोन्हीकडच्या शुक्रवाहिन्या कापून बांधतात. डॉक्टर तोवर माझ्याशी पावसाच्या गप्पा मारत होते.

खरा वैताग पुढे. नस कापली की लगेच मोकळे, असं नसतं. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच. मग वीर्यतपासणी. त्यात शुक्रजंतू शून्य आले तरच प्रमाणपत्र.

सरकारी दवाखान्यातला तपासणारा रजेवर, म्हणून बाहेरच्या लॅबमध्ये गेलो. नमुना फक्त सकाळी दहा ते अकरा, म्हणजे नेमका ऑफिसच्या वेळेत. काउंटरवरच्या ताई भर गर्दीत ओरडल्या, "सीमेन कोणाचं?" फॉर्मवर विचारलेलं: लग्नाला किती वर्षं, मूल किती वर्षं होत नाही, उपचार कोणते. नसबंदीचा रकानाच नाही! असणार तरी कसा? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3. मी आडवी रेघ मारून 'नसबंदीनंतरची तपासणी' असं लिहिलं. त्यावर ताई म्हणतात, "मग आता परत मूल हवंय का?"

डबी हातात देऊन संडास दाखवला. कडी तुटलेली, बाहेर लघवीची बाटली घेतलेले आजोबा दार ठोठावतायत. कसलं जमतंय! घरून आणलं तर चालेल का, असं चिडून विचारलं तेव्हा कळलं, चालतं. फक्त अर्ध्या-पाऊण तासात पोचवायचं. हे आधी सांगायला काय झालं होतं? पुढच्या खेपेला डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून स्कूटर हाणली. (आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, तेही लक्षात ठेवा.)

रिपोर्ट देताना लॅबवाल्याने चेहरा पाडला. "दादा, शून्य आलंय. धीर सोडू नका, उपचार असतात." मी पेढे आणायच्या बेतात!

आणि हो, ताकद वगैरे काही जात नाही. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नाही. ऑपरेशनला जाताना घट्ट लंगोट न्या, आठवडाभर सिलिंडर उचलू नका. प्रमाणपत्रासाठी रिपोर्टची झेरॉक्स द्या, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.