कानातली कातडी

पणजीला माझ्या पॅथॉलॉजी लॅबमधून रिपोर्ट न्यायला येणारे, पेडण्याचे असोत वा काणकोणचे, ‘कोलेस्टिटोमा’ हा शब्द वाचून एकच विचारतात: कानात कोलेस्टेरॉल साचलंय की कॅन्सर झालाय? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. दोन्ही नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये दिलेलं हे नाव चुकीचं, पण चिकटलं ते चिकटलंच. ही आहे साधी कातडी, नको त्या जागी वाढलेली.

बहुतेकदा कानाच्या पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन पिशवीसारखा खळगा होतो. त्यातली कातडी कोंडा टाकत राहते, आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

सर्जन पाठवतात तो तुकडा मोत्यासारखा पांढरा असतो; चिमट्यात धरला की ओले पापुद्रे सुटतात. तो दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) मुरवून, मेणात बसवून मी चार-पाच मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचे) काप घेतो. स्लाइडवर मधोमध केरॅटिन दिसतं: केंद्रक नसलेल्या मेलेल्या पेशींचे गुलाबी थर, बेबिंका या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थासारखे एकावर एक. त्याला वेढणारी जिवंत कातडी म्हणजे मॅट्रिक्स. तिच्या तळाला गडद पेशींची रांग, वर काटेरी पेशी, त्यावर निळसर दाण्यांनी भरलेल्या चपट्या पेशी. बाहेरून पेरिमॅट्रिक्स: सुजलेल्या तंतुमय ऊतीत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि नव्या रक्तवाहिन्या.

खरी भीती या बाहेरच्या थराची. इथल्या दाहातून सुटणारी रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना, ऑस्टिओक्लास्टना, कामाला लावतात. बहुधा आधी मधल्या कानातल्या ऐरणीच्या चिमुकल्या हाडाचा लांब दांडा झिजतो आणि ऐकू कमी येतं. पुढे चेहऱ्याच्या नसेवरचं हाडही जाऊ शकतं. कॅन्सर नाही म्हणून ऑपरेशन टाळू नका, असं मी म्हणतो ते यासाठीच.

कधी नुसता कोंडाच येतो, पिशवीची भिंत नाही. मग ‘केरॅटिन आहे, अस्तर दिसत नाही’ एवढंच लिहिता येतं. केसांची मुळं किंवा मळाच्या ग्रंथी दिसल्या, तर बाहेरच्या नळीची कातडी सोबत आली आहे असं समजायचं. सुईसारख्या रिकाम्या फटी आणि भोवती महाकाय पेशी असतील, तर तो कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा. कोलेस्टेरॉल असतं ते तिथे, आणि तो आजार वेगळा.

सगळी पिशवी निघाली का, हे मात्र स्लाइड सांगत नाही. मॅट्रिक्सचा कण मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो. म्हणून ठरलेल्या तारखांना कान दाखवा, विहिरीत-नदीत डुबकी मारण्याआधी सर्जनना विचारा, आणि खोबरेल तेल अजिबात घालू नका.