राहू द्या न बाबा

पोरगी दिवाळीला अमरावतीहून आली तेव्हापासून दुपारची दुकानात येऊन बसते. काल गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाली, "बाबा, समजा नाणी दोनच. एक सात रुपयांचं, एक अकराचं. लागतील तितकी घ्या. देताच येणार नाही अशी सगळ्यात मोठी रक्कम कोणती?"

मी तराजू पुसता पुसता सांगून टाकलं, "अशी रक्कमच नाही. सगळं देता येते."

हसली. "चिल्लर वापस नाही घ्यायची. राहू द्या न बाबा."

राहू द्या. रागानं म्हणाली असती तर बरं होतं. लाडानं म्हणाली, म्हाताऱ्याच्या हातातून जड पिशवी घ्यावी तसं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मीही... असो.

रात्री लाईन गेली. टॉर्च लावून उधारीच्या वहीचं मागचं पान उघडलं. ६० जमले: साताची सात, अकराचं एक. ६१ ला साताची चार, अकराची तीन. असं करत ६६ पर्यंत सगळं बसलं. सलग सात रकमा बसल्या की पुढचं एकेक सात वाढवत आपोआप होते. ५९ मात्र होईना. अकरा-अकरा काढत गेलो: ४८, ३७, २६, १५, ४. एकालाही सातानं भाग जात नाही. उत्तर ५९. नंतर दिसलं, ७७ तून १८ गेले की ५९च राहतात. गुणाकारातून बेरीज वजा. दीड वाजला होता. सांगावं कोणाला? ती झोपलेली. पुन्हा तेच, राहू द्या.

पण मी चुकलो कुठं? दुकानदाराला 'वापस नाही' हे सुचेलच कसं! दोन अकरा द्या, तीन सात वापस घ्या, झाला एक रुपया. रुपया झाला की कोणतीही रक्कम होते. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० साली, अशाच हिशोबाला कुट्टक म्हटलं. कुटून बारीक करायचं: अकरातून सात गेले चार, सातातून चार गेले तीन, चारातून तीन गेले एक. आणि ५९ तर सोपंच. दहा सात घ्या, एक अकरा वापस द्या. पोरीच्या गणितात गल्लाच नाही, त्याला मी काय करू?

सकाळी हिनं वही चाळली. "हे गोल केलेले ५९ कोनाकडे बाकी हायेत?"

"माह्याकडेच," म्हटलं.