माटवीचं सामान

हरतालिका, रात्री उशिरा

घरात सगळे झोपले. पहाटे गणपतीच्या शाळेत मूर्ती आणायला जायचंय, तरी माझा डोळा लागत नाही. कारण सांगितलं तर कोणीही म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. गणपतीच्या वर फळंफुलं टांगून सजवायची चौकट, म्हणजे माटवी, तिच्या सामानासाठी यंदा मला कोणी रानात पाठवलं नाही.

काल एसटीतून उतरून घरी आले तर पडवीत दोन पिशव्या. मला वाटलं, भाजी असेल. आत कांगल्यांचे घोस, शेरवडं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली हरणाची फुलं, ऐनाची फळं. सगळं निवडून, जुड्या बांधून ठेवलेलं. आजी म्हणाली, "गो बाय, सगळा बाजारातसून हाडला. तुका आता रानात जावची गरज नाय." माझ्या काळजीपोटीच म्हणाली ती. पोरगी प्रवासातून आलीय, पाऊस लागलाय, वर हत्ती फिरतायत. मी "बरं" म्हटलं आणि पाय धुवायला मागे गेले. तिथे डोळे भरून आले.

कालपासून तेच मनात घोळतंय. मला वाईट नेमकं कशाचं वाटलं? सामान विकत आणल्याचं? तसं नाही. नारळ, तवशी, दोडकी तर आम्ही किती वर्षं विकतच आणतो, तेव्हा काही वाटलं नाही. मग रान संपत आलंय त्याचं? ते दुःख मला ओळखीचं आहे, ते असं एकदम येत नाही. हे काहीतरी वेगळं होतं. कोल्हापुरात असताना श्रावण लागला की मला आतून घाई व्हायला लागते, आता वर जायला हवं, बघून ठेवायला हवं. आणि इथे येऊन कळतं की माझ्यावाचून काही अडलेलंच नव्हतं. घराचंही नाही आणि वरच्या रानाचंही नाही.

 

आजोबा मला पाठवायचे तेव्हा "निसर्ग बघून ये" असं कधी म्हणाले नाहीत. फांद्या ओढायची आकडी हातात द्यायचे आणि कामं सांगायचे. पाणंदीने वर जा, वळणावरच्या ऐनावर कांगल्याचा वेल चढलाय, घोस खालून दिसतात, फांदी मोडू नकोस. शेरवड ओढ्याकाठी, त्याचं पांढरं पान लांबूनच दिसतं. वाघनखीला हात लावलास तर आधी हात धू, मग तोंडाला लाव. कवंडळाचा वेल आपल्या वईत, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, नसला तर शेजाऱ्यांच्या वईत बघ, पण विचारून काढ. एवढं काढ, एवढं ठेव. नेमकं किती ठेवायचं ते आकड्यात कधी सांगितलं नाही. बघून कळायचं.

आणि भाद्रपदात फळ हवं तर ते आषाढातच हेरून ठेवावं लागायचं. कवंडळाची फुलं रात्री उमलतात, पांढरी, कडांना झालर असलेली, आणि दिवसा कोमेजून जातात. त्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात. आजी जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन मला वईपाशी न्यायची. जिथे फूल दिसलं ती जागा लक्षात ठेवायची, कारण नंतर पानांच्या गर्दीत वेल हरवतो आणि फळ लाल होईपर्यंत सापडत नाही. या वेलाची नरफुलं एका वेलावर आणि मादीफुलं दुसऱ्यावर, हे मला बॉटनीच्या पहिल्या वर्षात वाचायला मिळालं. वाचल्याबरोबर मी वहीवर "म्हणूनच!" असं लिहिलं होतं. आमच्या गोठ्यामागच्या वईतला वेल दरवर्षी फुलायचा आणि त्याला फळ म्हणून धरायचं नाही. आजी त्याला वांझ म्हणायची. तो नर होता.

आता ती वई नाही. निरगुडी आणि मोगली एरंडाच्या वया काढून सगळ्यांनी सिमेंटचे खांब आणि तार घातली. तार एकदा घातली की संपलं, वई दरवर्षी बांधावी लागते आणि बांधायला माणसं मिळत नाहीत. हे मला पटतं. काजूत गवत कापायला ग्रासकटर आला, तोही पटतो, बाबांची कंबर मी बघितलीय. पण कटर गवत आणि तेरडा असा फरक करत नाही. तणनाशक तर त्याहून नाही. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला कारण आहे. कुणावर रागवावं ते कळत नाही, आणि मग राग आपल्यापाशीच राहतो.

डोंगर तोडला गेला तेव्हा मी लहान होते. लाकडाचे ट्रक आठवतात, त्यांच्या मागे धावलेलं आठवतं. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सिंधुदुर्गातल्या आमच्या दोडामार्ग तालुक्यातली झाडं तोडायला बंदी घातली, त्याच्या आधीची ही गोष्ट. आमच्याकडचं रान बहुतेक मालकीचं, सरकारी थोडं. मालकीचं म्हणजे घराघरातल्या वाटण्या, लग्नं, आजारपणं. त्यातून रबराची लागवड आली. राधानगरीपासून तिलारीवरून कर्नाटकातल्या भीमगडपर्यंत वाघाची वाट आमच्या या डोंगरांतून जाते, असं मी आता वाचते. लहानपणी आम्हाला ती वाट कांगल्याची म्हणून माहीत होती.

कॉलेजात पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवायला सांगितलं, तिथून हे आलं. मला तो विषय मनापासून आवडतो. कापडी पिशवी, स्टीलची बाटली, हॉस्टेलवर ओला-सुका कचरा वेगळा, हे सगळं मी करते, आणि मुली कंटाळतात तरी त्यांच्या मागे लागून करून घेते. गेल्या सत्रात आम्ही प्रत्येकीने आपापला कार्बन फूटप्रिंट काढला. प्रवास किती, वीज किती, खाणं काय. मी प्रामाणिकपणे भरलं. भरताना सारखं वाटत होतं की यात माझ्याबद्दल काहीतरी राहून जातंय. आज ते सापडल्यासारखं वाटतंय. तो सगळा फॉर्म मी काय काय कमी करावं याचा होता. न वापरणं, न तोडणं, हात न लावणं. ते बरोबरच आहे, शहरात दुसरं काय करणार? पण मी रान शिकले ते हात लावून शिकले. कुणाला तरी माझ्याकडून तिथली एक वस्तू हवी होती, म्हणून मला तिथे जावं लागलं. गेले म्हणून दिसलं. दिसलं म्हणून जीव लागला. या साखळीतली पहिली कडी काल कुणीतरी हळूच काढून घेतली, तेही प्रेमाने.

आणखी एक मनात आहे. एका प्रॅक्टिकलला आम्ही आपापल्या गावाचा वनाच्छादनाचा नकाशा बघितला. आमचा डोंगर हिरवा. बाई म्हणाल्या, भाग्यवान आहेस. मी काही बोलले नाही. वनाच्छादन मोजताना एक हेक्टरहून मोठी जागा आणि झाडांचं छत दहा टक्क्यांवर असलं की ती धरतात, मग झाड कुठलं आणि जमीन कुणाची हे बघत नाहीत. रबरही त्यात येतो, काजूही येतो. उपग्रहाचं काही चुकलेलं नाही. पण त्या हिरव्या ठिपक्याखाली रांगेत उभी एकाच वयाची झाडं आहेत आणि जमिनीवर मुद्दाम लावलेला एकच पसरणारा वेल. कांगल्याला चढायला जुनं झाड लागतं. शेरवडाला रानाची कड लागते. यातलं काही त्या नकाशात मागता येत नाही. आमची माटवी मात्र ते दरवर्षी मागते. एका चौकटीला टांगायला इतक्या तऱ्हा लागतात की नुसत्या हिरव्या रंगावर तिचं भागत नाही. ती अपुरी राहिली की घरातल्या सगळ्यांना दिसतं.

आज दुपारी आजीने पिशव्या पुन्हा तपासल्या आणि म्हणाली, कवंडळां खंय? काका मोटरसायकल काढत होता, मी न विचारता मागे बसले.

बाजारात चालायला जागा नव्हती. एका कडेला गोणपाट पसरून एक बाई बसली होती, पुढ्यात कवंडळं, लालभडक, आणि शेजारी तिची मुलगी, असेल दहा-अकराची. मुलगी फळं लहान-मोठी वेगळी करत होती आणि देठ लांब ठेवलेत ना ते बघत होती. देठ आखूड तुटला तर फळ बांधता येत नाही. मलाही आधी तेच शिकवलं होतं. मी बाईंना विचारलं, कुठून आणलं? "वयल्या रानातसून. पहाटे जावचा लागता." मुलगी मान वर न करता म्हणाली, "माका ठावक आसा खंय गावता ता." पण कुठे ते सांगितलं नाही. आम्हीही कधी कुणाला जागा सांगायचो नाही.

मला तिचा हेवा वाटला. इतका स्पष्ट की मी चपापले. तिचे पाय चिखलाने भरलेले, झोप अर्धी राहिलेली, शाळा बुडाली असणार, सगळं दिसत होतं, आणि तरी तिचा हेवा वाटला, कारण आज पहाटे तिला कुणीतरी म्हणालं होतं, चल. त्या हेव्याबद्दल मी काय करावं ते मला अजून ठरवता येत नाही. तिच्या आईने तिला नेलं ते हौसेने नव्हे. दोघींनी ती गोणी डोक्यावरून उतरवून आणली तेव्हा कुठे आमच्यासारख्यांची माटवी भरली. एका घरापुरतं काढताना थोडं वेलावर ठेवता येतं. बाजारापुरतं काढताना किती ठेवता येत असेल? हा प्रश्न मी तिला विचारू शकले नाही. मी गिऱ्हाईक होते.

काकाने घासाघीस सुरू केली तेव्हा मी त्याचा हात धरला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि सांगितले तेवढे पैसे दिले.

संध्याकाळी माटवी बांधली. आंब्याचे टाळ, मध्ये नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, मग एकेक जुडी. हरणाची फुलं थोडी कोमेजली होती. मी तसं म्हटलं तर आजी खालून बघत म्हणाली, "मेळता ता बांधूचा. देव काय मोजूक बसलो नाय." मला आधी त्याचा त्रास झाला. इतक्या सहज कसं सोडून देतात हे लोक, असं वाटलं. मग बघितलं तर ती उंबऱ्यात बसून काका कुठली जुडी कुठे बांधतोय ते सांगत होती, एकही नाव न चुकता, आणि यंदा काय काय मिळालं नाही तेही बोटांवर मोजत होती. देव मोजत नसेल, ती मोजते. तिने सोडलेलं नाही. ती फक्त रडत नाही त्याच्यासाठी. मलाही रडून भागणार नाही. इथे वर्षातले थोडेच दिवस असते मी. मला पाठवणारं माणूस गेलं, आणि नव्याने कुणी पाठवेल म्हणून वाट बघत बसण्याइतकी मी आता लहान नाही.

कवंडळं काढून ठेवा, टाकू नका, असं काकीला सांगून ठेवलंय. माटवी उतरली की बिया धुऊन सुकवायच्या. शेजारच्या आजींची वई अजून शाबूत आहे. काकीने त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. एकदोन बियांनी भागणार नाही, नर-मादी दोन्ही उगवायला हवेत, म्हणून पुष्कळ टाकायच्या आणि पावसाच्या तोंडावर टाकायच्या. फूल धरायला कदाचित दुसरा पाऊस उजाडेल. तेव्हा मी नसेन इथे, परीक्षा असेल. म्हणून काकाच्या धाकटीला सांगितलंय की आषाढात रात्री बॅटरी घेऊन जायचं, फूल कुठे दिसलं ते लक्षात ठेवायचं आणि मला फोनवर सांगायचं. तिने फोटो पाठवू का विचारलं. मी म्हटलं, फोटो पाठव, पण जागा मनात ठेव. ती म्हणाली, रात्री एकटी नाही जाणार, आजी येणार असेल तर जाईन. आजीला उद्या विचारायचंय.