अंधार नसलेली रात्र

१९ जून

जवळपास निम्मं पुस्तक झालं. खुनी कोण हे शोधणं मी मधेच कुठेतरी सोडून दिलंय, आणि ते आज लक्षात आलं.

केर्स्टिन एकमन या स्वीडिश लेखिकेची ही कादंबरी, १९९३ सालची. मूळ नावाचा अर्थ 'पाण्याकाठच्या घटना'. मी वाचतेय तो जोन टेट यांचा इंग्रजी अनुवाद, 'ब्लॅकवॉटर'. स्वीडनमध्ये तिला त्या वर्षीचा 'ऑगस्ट' हा तिथला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, वर्षातल्या सर्वोत्तम गुन्हेकथेचाही मिळाला, आणि पुढच्या वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार. आपल्याकडे वाचनालयात रहस्यकथांचं कपाट वेगळं असतं, चांगल्या कादंबऱ्यांचं वेगळं. हे पुस्तक दोन्हीकडे ठेवावं लागेल.

सुरुवात १९७४ च्या मिडसमरची, म्हणजे तिकडच्या जूनमधल्या सणाची. ॲनी राफ्ट नावाची तरुण शिक्षिका सहा वर्षांच्या मियाला घेऊन बसमधून उतरते. गाव स्वार्टवाट्नेट, काळ्या पाण्याचं. येम्टलँड प्रांताच्या उत्तरेला, नॉर्वेच्या सीमेजवळ. शहर सोडून रानात एकत्र राहायला गेलेल्या मंडळींच्या वस्तीवर तिचा प्रियकर डान आहे, तो न्यायला येणार असतो. येत नाही. मायलेकी चालू लागतात. दलदल, डास, कंटाळलेलं लेकरू. आणि नदीकाठी एक तंबू, बाहेरून सुऱ्यानं भोसकलेला. आत दोघं.

हे सगळं उजेडात. तिकडे जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, फिकट प्रकाश झाडांत रेंगाळत राहतो. आपण वाचलेल्या गोष्टींत खून म्हटला की काळोख आलाच. इथे लपायला काळोख नाही, तरी कुणाला काही धड दिसत नाही. ॲनीला पळणारा एक पोरगा दिसतो. क्षणभर, एक चेहरा.

पुढची अठरा वर्षं त्या एका क्षणावर उभी आहेत.

२१ जून

आज तिथला सर्वांत मोठा दिवस. इथे नागपुरात ढग भरून येतात आणि न बरसता जातात.

योहानबद्दल लिहायचंय. सोळा वर्षांचा. सावत्र भाऊ त्याला विहिरीत टाकून निघून जातात. खाली चिखल, गार पाणी, आणि त्या पाण्यात एक वाम, सापासारखा लांब मासा. ती पानं वाचताना मी पाय खुर्चीवर वर घेऊन बसले होते. पोरगा कसाबसा बाहेर येतो, पण घरी परतत नाही. सीमेपलीकडे नॉर्वेत जातो. त्याची आई सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूळच्या लोकांतली. त्या घरात तो परका का, हे एकमन कुठेही समजावून सांगत बसत नाहीत. ताटात काय वाढलं, कोण कुठे बसलं, एवढ्यावरून कळतं.

त्या स्वतः त्या भागात कित्येक वर्षं राहिल्या. म्हणून त्यांच्या रानात नुसतं 'झाड' नसतं. स्प्रूस असतो, बर्च असतो, विलो असतो. आणि अठरा वर्षांनी गोष्ट पुन्हा गावात येते तेव्हा उतारच्या उतार बोडके झालेले. सगळं एकदम तोडायचं, माती उकरायची, एका वयाची रोपं ओळीत लावायची. विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वीडनची जंगलं बहुतेक अशीच राखली गेली. जुन्या स्प्रूसच्या फांद्यांवर दाढीसारखं दगडफूल लोंबतं. जमिनीवरचा बर्फ कडक झाला की सामींचे रेनडिअर हे दगडफूल खाऊन हिवाळा काढतात. नव्या रोपांवर ते नसतं.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

बाबा वनरक्षक होते. त्यांच्या बीटात त्यांना नकाशा लागत नसे. 'जोडमोहाच्या डाव्या अंगानं', 'वीज पडलेल्या येनाच्या झाडापासून खाली', असे त्यांचे पत्ते. मी आठवीत असताना तिथला एक कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, पुरता तुटला. मिश्र जंगल काढून साग लावायचा होता. तोडायच्या झाडांवर हातोड्याचे शिक्के बाबांच्या देखतच मारले गेले. पुढच्या हिवाळ्यात ते मला घेऊन गेले, नाल्याकाठचा एक दगड दाखवायला. त्या दगडावर त्यांनी वाघीण पाहिली होती, पिलांसकट. तासभर फिरलो. नाला सापडला, दगड सापडला नाही. बाबा एका खुंटावर बसले. म्हणाले, "इथंच होतं माय, कुठंतरी."

त्यानंतर ती वाघीण त्यांच्या बोलण्यात आली नाही. घरात कुणी त्यांना खोटं म्हटलं नव्हतं. पण बोट दाखवायला जागा राहिली नव्हती.

ॲनीचं तेच झालंय. तिनं पाहिलं, पोलिसांना सांगितलं, आणि जिथे पाहिलं ते रानच हळूहळू तिच्या साक्षीतून वजा होत गेलं.

२३ जून

पहाटे संपली.

अठरा वर्षांनी ॲनी एका सकाळी मोठ्या झालेल्या मियाला एका पुरुषाच्या मिठीत बघते, आणि तो चेहरा ओळखते. पुढचं इथे लिहीत नाही, पुस्तक ताईला द्यायचंय आणि ही वही ती हमखास उघडते. एवढंच, की चेहरा ॲनीनं बरोबर ओळखला होता.

उलगडा शेवटी होतो, आणि तो मला थोडा घाईचा वाटला. इतका वेळ दलदलीत पाय रोवून चाललेली बाई एकदम डांबरी रस्त्यावर आल्यासारखी. पण डॉक्टर बिर्गर, त्याचं मोडलेलं घर, त्याचं ॲनीवरचं उशिराचं प्रेम, यासाठी मी हे पुस्तक पुन्हा वाचेन.

एकमन १९७८ मध्ये स्वीडिश अकादमीवर, म्हणजे साहित्याचं नोबेल देणाऱ्या संस्थेवर, निवडून आल्या. १९८९ मध्ये सलमान रश्दींवरच्या फतव्याविरुद्ध अकादमी स्पष्ट बोलेना, म्हणून त्या कामकाजातून बाहेर पडल्या. आणि चार वर्षांनी ही कादंबरी, जिच्यात अख्खं गाव गप्प आहे. या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवता येत नाहीत.

सकाळी बाबांना फोन केला. पाऊस आला का, गोळ्या घेतल्या का, सगळं झाल्यावर वाघिणीचं विचारलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "तीन पिलं होती. एक लंगडत होतं." आणि नाक्यापासून जोडमोह, जोडमोहापासून येन, अशी वाट सांगायला लागले. मी याच वहीच्या मागच्या पानावर ती उतरवून घेतली. दोन ठिकाणी ते अडले, तिथे जागा मोकळी सोडलीय.