होड्या वर आल्या आणि फॉर्मची तारीख आली

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी पुन्हा राज्यात पहिला. माझ्या बहिणीचा मुलगा उरलेल्या १.१८ टक्क्यांत. गणित आणि विज्ञान राहिलं. दोन दिवस पोरगं माडाखाली बसून होतं, जेवायलासुद्धा हाक मारून मारून आणावं लागलं.

लगेच शाळेतून निरोप आला, फेरपरीक्षेचा फॉर्म भरा, उशीर झाला तर विलंब शुल्क पडेल.

भाओजी हर्णै बंदरात खलाशी आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंदा तर पावसाने मे महिन्यातच गाठलं आणि होड्या बंदीच्या आधीच वर ओढल्या. हंगामाचा हिशेब झाला तेव्हा आधीची उचल वजा होऊन हातात फारसं काही उरलं नाही. नारळी पुनवेपर्यंत घर चालणार ते ताईने सुकवून ठेवलेल्या सोड्यांवर, म्हणजे सोललेल्या कोळंबीवर, आणि बोंबलांवर. त्यातच धाकटीच्या वह्या, छपरावरचं प्लास्टिक आणि ही फी.

मी ८९ साली इंग्रजीत नापास झाले होते. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची. वर्ष फुकट जायचं, ते वाईटच. आता लगेच परीक्षा होते आणि मुलाला त्याच वर्षी अकरावीला जाता येतं, हे फार चांगलं झालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ऑक्टोबरच्या परीक्षेआधी होड्या पाण्यात गेलेल्या असायच्या. माझ्या बाबांनी फी भरली ती पहिल्या फेरीच्या कोळंबीच्या पैशातून. कुणापुढे हात पसरावा लागला नव्हता.

बोर्डाच्या फीबद्दल माझी तक्रार नाही. पेपर काढायचे, तपासायचे, खर्च असतोच. पण शाळेने वर 'ऑनलाइन कामाचे' म्हणून दोनशे रुपये घेतले. पावती मागितली तर ताईला ऐकवलं, "मुलगा पास झाला असता तर ही वेळ आली नसती." ती काही न बोलता घरी आली आणि सोड्यांचा डबा काढून मोजायला बसली. विकायचे होते ऑगस्टात, चांगल्या भावाने. त्यातले अर्धे तिने त्याच आठवड्यात पडत्या भावात दिले.

विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे, मिरकरवाड्याचं बंदर तिथून दूर नाही. बंदीचे दिवस त्यांना कुणी सांगायला नकोत. खलाशांच्या आणि मासळी विकणाऱ्या बायांच्या मुलांकडून जून-जुलैत विलंब शुल्क घेऊ नये आणि शाळेने घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, एवढंच लिहून मी अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे.

पेपर जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाले. पहिल्या दिवशी पाऊस असा की समोरचं दिसेना. हॉल तिकीट भिजू नये म्हणून ताईने ते सोड्यांच्याच रिकाम्या पिशवीत घालून दिलं.