अकरावा रकाना

'त्वचारोग : आहे / नाही.' घोडबंदर रोडजवळच्या एका तरणतलावाच्या सभासद अर्जातला हा अकरावा रकाना. मी 'आहे'वर खूण केली आणि सात आठवडे घालवून बसले.

सोरायसिसला, म्हणजे अंगावर लाल, खवल्यांचे चट्टे उठवणाऱ्या त्वचारोगाला, बारा वर्षं झाली. निदान, लाईटच्या (त्वचेवर अतिनील प्रकाश देण्याच्या उपचाराच्या) फेऱ्या, औषधं, सगळं रीतसर पार पडलं. गेल्या वर्षी सकाळी उठल्यावर बोटं आणि गुडघे आखडायला लागले. मी वयावर ढकललं. डॉक्टरांनी आधी नखं पाहिली, त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, हे मला तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत पोहायला सांगितलं.

खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला. "मॅडम, 'नाही' लिहायचं ना! खरं कशाला लिहिलंत?"

मी समजावलं, हा संसर्ग नाही. आपलीच प्रतिकारशक्ती बिथरते, एरवी वर यायला महिनाभर घेणारी नवी त्वचा तीन-चार दिवसांतच येते आणि तिचे खवले पडतात.

"मला पटतंय हो. पण पाण्यात लोकांना दिसणार ना. डॉक्टरांचं पत्र आणा."

पहिलं पत्र आणलं. त्यातला 'क्रॉनिक' शब्द वाचून ते म्हणाले, "म्हणजे बरं न होणारं?" शिवाय 'पोहण्यास हरकत नाही' हे वाक्य नव्हतं. दुसऱ्या पत्रात ते होतं, तर शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तिसरं पत्र बिनचूक होतं, पण सही करणारे साहेब रजेवर. ते येईपर्यंत पत्राला पंधरा दिवस उलटले, आणि जुनं पत्र चालत नाही म्हणे! दर वेळी दवाखान्यात दोन तास बसायचं आणि फी भरायची. ताणाने सोरायसिस उफाळतो हे वाचलं होतं, पण माझी कोपरं ते आकडेवारीशिवाय सिद्ध करत होती. ती लाल झालेली पाहूनच साहेबांना पुन्हा शंका आली.

पत्रात 'संसर्गजन्य नाही', 'उघडी जखम नाही', 'पोहण्यास हरकत नाही' ही तिन्ही वाक्यं, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेला शिक्का, एवढं एकदमच मागून घ्या. मूळ प्रती दोन घ्या. आणि अर्ज दिल्याची पोच झेरॉक्सवर घ्या. मला हे पाचव्या आठवड्यात सुचलं.

ट्यूबचं सांगायचं राहिलं. सुरुवातीची दोन वर्षं मी नायटा समजून मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावत होते. तिच्यात स्टेरॉइड असतं. लावलं की चट्टा दबतो, सोडलं की दुपटीने येतो. चिठ्ठीशिवाय ती घेऊच नका. आणि माझ्यासारखी मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसवरची गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. डबीवर मी मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहून चिकटवलंय. रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

पोहून झालं की लगेच साध्या पाण्याने अंघोळ करते आणि ओल्या अंगावरच मलम लावते, कारण क्लोरीनने त्वचा कोरडी पडते. पहिल्या दिवशी पाण्यात उतरले तेव्हा कोपरांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बायका आपापला श्वास सांभाळण्यात गुंग होत्या.

बाहेर पडताना खिडकीतून हाक आली, "मॅडम, नूतनीकरणाला नवीन पत्र लागेल हं."