भीमाकाठचे वीरगळ : सोलापूरहून एक फेरी

लढाईत पडलेल्या जुन्या वीरांची ओळख सोलापूर जिल्ह्यात करून घ्यायची असेल, तर गावोगावच्या मंदिरांभोवती आणि वेशीजवळ उभ्या असलेल्या वीरगळांकडेच, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळांकडेच, जावे लागते. गेल्या हिवाळ्यात आम्ही विजापूर रस्त्याने दक्षिण सोलापूर तालुक्यात उतरलो आणि भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलपर्यंतची गावे पाहिली. कुडलचा शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख सर्वांना ठाऊक आहे. वीरगळांवर मात्र बहुधा एकही अक्षर नसते, त्यामुळे वाचायचे ते शिल्पच, आणि तेही खालून वर.

एका मारुती मंदिरामागची शिळा आम्ही बराच वेळ पाहिली. तळाच्या चौकटीत ढाल उचललेला, आखूड तलवार घेतलेला वीर, समोर दोन धनुर्धर आणि मागे गायींची रांग होती. म्हणजे हा माणूस गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना पडला. त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर कलशाच्या दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य, कारण ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहावी. त्याच्या मरणाची एवढी तपशीलवार हकिकत दगडात जपणाऱ्या त्या गावाविषयी मनात फार आदर दाटून आला. शेजारी कोपरात वाकलेल्या, बांगड्या भरलेल्या हाताची सतीशिळा होती; परंतु ती त्याच्याच पत्नीची, असे लगेच लिहू नये, कारण जीर्णोद्धाराच्या वेळी विखुरलेल्या शिळा एका ओळीत आणून उभ्या करतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा चिखलाने बंद होतात आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. आडगावांसाठी स्वतःचे वाहन असावे. झिजलेले कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसते, म्हणून दहाच्या आत पोहोचावे. सावलीतल्या शिळेवर बाजूने विजेरी धरावी. खडू किंवा पीठ चोळू नये. शेंदराचे पुट तर मुळीच खरवडू नये, कारण ग्रामस्थांच्या लेखी तो देव आहे. आधी गुरवांची परवानगी घ्यावी आणि चपला काढूनच जवळ जावे. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे तेही टिपावे, आणि ती मूळची कुठे होती हे गावातल्या वयस्करांना आवर्जून विचारावे.